कुलूप लावलेलं पान

चहा झाला की त्र्यंबकआबा चष्मा काढून उशाशी ठेवत आणि म्हणत, "हं, वाच."

मग त्यांची सून मंजुळा लॅपटॉप मांडीवर घेऊन पान वाचायची. पान रोजचंच. 'उजेड अभ्यासिका, कोपरी. संस्थापक : त्र्यंबक कासारे.' एवढं कानावर पडलं की आबांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैलावत. नव्वदीकडे झुकलेला माणूस, दिसायचं कमी आणि ऐकू यायचं सोयीपुरतं. इंटरनेट म्हणजे काय ते त्यांना नीट उमगलं नव्हतं. पण इथून कल्याणपर्यंत कोणीही मोबाईल उघडून आपलं नाव वाचू शकतं, एवढं पक्कं उमगलं होतं.

त्या दुपारीही मंजुळाने नेहमीसारखंच वाचलं. फक्त ती वाचत होती ते आजचं पान नव्हतंच. ते गेल्या महिन्यातलं होतं.

मंजुळाला कोपरीत सगळे ओळखत, पण ती काय करते असं विचारलं तर 'घरीच असते' हेच उत्तर मिळालं असतं. माहेर खेडचं. लग्नानंतर रात्रीच्या कॉलेजातून बी.ए. केलं, तेही आबांनी फॉर्म आणून दिला म्हणून. मुलं मोठी झाली, दुपार मोकळी झाली, आणि एक दिवस ती गल्लीकोशाच्या नादी लागली.

गल्लीकोश ही ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या हौशी लोकांनी मिळून चालवलेली वेबसाइट. कोणीही यावं, आपल्या गल्लीबद्दल, तलावाबद्दल, गिरणीबद्दल एक पान लिहावं. आणि ते लिहिलेलं दुसऱ्या कोणीही दुरुस्त करावं. प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाचं बटण असतं. ते दाबलं की पानाची आधीची सगळी रूपं दिसतात. आणि 'चर्चा' नावाचं आणखी एक बटण असतं. भांडायचं ते तिथे. नियम मोजकेच होते. पान कोणाच्या मालकीचं नाही. लिहिलेल्याला छापील आधार हवा. आणि समोरचा वाईट हेतूने आलाय असं धरून चालायचं नाही.

मंजुळाने मीठबंदराकडच्या रस्त्याचं पान लिहिलं, चाळीतल्या बुद्धविहाराचं लिहिलं, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं लिहिलं. डोंबिवलीच्या दोन काकांचं एका व्यायामशाळेच्या पानावरून जुंपलं, तेव्हा दोघांनाही गोड बोलून तिनेच शांत केलं. म्हणून तर लोकांनी तिला 'कुलूप' दिलं. भांडण हाताबाहेर गेलं तर पान काही दिवस बंद करायचा तो अधिकार. तो चार-पाच जणांकडेच होता, आणि त्याला एकच अट होती : ज्या भांडणात आपण स्वतः आहोत, त्या पानाला आपण हात लावायचा नाही.

उजेड अभ्यासिकेचं पान तिने सगळ्यात जीव लावून लिहिलं होतं. जुन्या चाळीत जागा नाही, शांतता नाही, म्हणून आबांनी कारखान्यातून आल्यावर पोरं गोळा केली आणि रोज संध्याकाळी अभ्यासाला बसवली. त्यातले किती तरी पुढे शिक्षक झाले, बँकेत लागले. तिने हे सगळं अभ्यासिकेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतून घेतलं होतं. आबा पलीकडच्या खोलीत होते, पण घरच्या माणसाचं तोंडी सांगणं आधार म्हणून चालत नाही, हा नियम तिनेच किती जणांना शिकवला होता. तो स्वतःसाठी ती कशी मोडणार?

आता चाळीच्या जागी इमारत झाली होती. तळमजल्यावर अभ्यासिकेला हक्काची खोली मिळाली होती, आणि दाराशी काळ्या दगडाची पाटी बसवायचं सोसायटीने ठरवलं होतं. मजकूर गल्लीकोशावरून घ्यायचा. 'तिथे सगळं तपासलेलं असतं,' असं सेक्रेटरी म्हणाले तेव्हा मंजुळाला अभिमान वाटला होता. पाटीवाल्याकडे मजकूर द्यायचा दिवस ठरला, आबांना सांगून झालं. आबांनी ठेवणीतला सदरा इस्त्रीला पाठवला.

आणि मग पानावर एक ओळ उगवली.

'ही अभ्यासिका हौसाबाई लोखंडे यांच्या घरात सुरू झाली. त्या नसत्या तर ती सुरूच झाली नसती.'

लिहिणारी होती कोणी समृद्धी. खातं नवीन, त्याच आठवड्यातलं. हौसाबाई लोखंडे हे नाव मंजुळाने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. स्मरणिकेत नव्हतं. तिने ओळ काढली आणि लिहिलं, 'आधार नाही.'

दुसऱ्या दिवशी ओळ परत आली. तिने परत काढली. तिसऱ्या दिवशी परत.

चर्चेच्या पानावर समृद्धीने लिहिलं होतं, 'ताई, माझी आजी होती ती. तुम्ही एकदा बोलाल का माझ्याशी?'

मंजुळाने ते वाचलं. पाटीवाल्याकडे मजकूर जायला आठवडाही राहिला नव्हता. पाटी ठरली आणि हे खातं उघडलं, हा योगायोग म्हणायचा? तिची बोटं चालली त्या भरात : 'इतकी वर्षं कुठे होतात? पाटी लागणार म्हटल्यावर नाव घुसवायला आलात का?'

पाठवलं, आणि कानशिलं तापली. असलं वाक्य दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर तिनेच त्याला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. पुसून टाकायची सोय होती, पण पुसलेलंही इतिहासात दिसतंच. गल्लीकोशावर काहीच नाहीसं होत नाही.

जेवताना तिने नवऱ्याला, उत्तमला सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तुझ्याकडे ते कुलूप आहे ना? मग लाव की. कशाला ठेवलंय?"

"अहो, आपल्याच भांडणात नाही लावायचं."

"कोण बघतंय? आणि आबांना काय सांगणार आहेस? कोणी तरी येऊन तुमच्या नावावर रेघ मारली म्हणून?"

"रेघ नाही मारलेली."

"आज नाही मारली. उद्या मारेल. मग बस नियम चाटत."

आबा आतून म्हणाले, "काय झालं रे?"

"काही नाही आबा, भाजीत मीठ जास्त झालंय," उत्तम म्हणाला.

ताटं उचलल्यावर मंजुळाने ओळ काढली आणि पानाला कुलूप लावलं. आता ते फक्त कुलूपवाल्यांनाच बदलता येणार होतं. एक बटण दाबायचं, एवढंच काम. पण दाबल्यावर ती पाच-सात मिनिटं लॅपटॉपसमोर नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीहून महेंद्रचा फोन आला. गल्लीकोश सुरू केला त्यांतला हा एक. शाळेत विज्ञान शिकवायचा, बोलायचा हळू, आणि हळू बोलला की समोरच्याला धडकी भरायची.

"मंजुळाताई, उजेडच्या पानाला कुलूप दिसतंय."

"हो."

"कोणी लावलं ते पण दिसतंय."

मंजुळाने गॅस बारीक केला.

"ताई, मी काढू शकतो ते. पण मी काढलं तर सगळ्यांना दिसेल की तुमचं कुलूप दुसऱ्याने काढलं. म्हणून आधी फोन केला. रविवारी नौपाड्याला बैठक आहेच. ती मुलगी पण येतेय. उलटी बाजू करूया."

'उलटी बाजू' ही गल्लीकोशाची जुनी रीत. भांडणाऱ्या दोघांनी आपली बाजू मांडायचीच नाही. प्रत्येकाने समोरच्याची बाजू लिहायची. समोरचा ती वाचून 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणेपर्यंत लिहीत राहायचं. दोघांनी एकमेकांना होकार दिला, की मगच मूळ पानाला हात लावायचा; दोघांना पटलेल्या गोष्टीला मग छापील आधार नसला तरी चाले. व्यायामशाळेच्या काकांना मंजुळानेच हे करायला लावलं होतं, आणि दोघांच्या तोंडाकडे बघून आतल्या आत हसली होती.

"आणि नाही जमलं तर?" तिने विचारलं.

"तर कुलूप परत द्यावं लागेल. मला ते मागायला नाही आवडणार, ताई."

त्या दिवसापासून आबांना वाचून दाखवायचं पान जुनं झालं. कुलूप लागलेलं पान खरं तर तिच्याच मनासारखं होतं, तेच वाचता आलं असतं. पण त्याच्या माथ्यावर पिवळी पट्टी आली होती, 'या पानाबद्दल वाद आहे'. ती पट्टी डोळ्यांसमोर असताना तिच्याने आबांपुढे ते वाचवेना. ती इतिहासात जाऊन गेल्या महिन्यातलं, बिनपट्टीचं पान उघडायची.

रविवारी नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत बैठक होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास. समृद्धी आधीच येऊन बसली होती. पंचविशीतली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी. मंजुळाला पाहून उठली.

"जय भीम, ताई."

"जय भीम," मंजुळा म्हणाली आणि लांबच्या खुर्चीत बसली.

महेंद्रने प्रोजेक्टरने चर्चेचं पान भिंतीवर पाडलं. सगळ्यात खाली मंजुळाचंच वाक्य होतं. 'नाव घुसवायला आलात का?' भिंतीवर ते हातभर मोठं दिसत होतं.

"हे आधी वर सरकवू का?" महेंद्रने विचारलं.

"राहू दे सर," समृद्धी म्हणाली. "मी घरी खूपदा वाचलंय. सवय झालीय."

मंजुळाने पदर उगाचच सारखा केला.

आधी समृद्धीने लिहून आणलेलं वाचलं. "मंजुळाताईंचं म्हणणं असं. त्र्यंबक कासारे यांनी दारोदार फिरून मुलांना अभ्यासाला आणलं. आईबाप नको म्हणत असताना आणलं. कारखान्यातून दमून आल्यावर रोज बसवलं. हे ताईंनी शोधून लिहिलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं. त्या पानावर त्यांची मेहनत आहे. कोणी तरी अनोळखी येऊन आधार न देता त्यात बदल करत असेल तर त्यांना राग येणं साहजिक आहे."

मंजुळाने मान वर केली. "हो. हेच माझं म्हणणं."

मग तिने आपलं वाचलं. सकाळी पोळ्या लाटता लाटता मनात जुळवलेलं. "समृद्धी यांचं म्हणणं असं की त्यांच्या आजी हौसाबाई यांनी अभ्यासिकेसाठी सुरुवातीला खोली वापरायला दिली होती."

"नाही," समृद्धी म्हणाली.

"काय नाही?"

"हे माझं म्हणणं नाही. वापरायला दिली म्हणजे काय ताई? तिच्याकडे दोन खोल्या नव्हत्या एक द्यायला. ती त्याच खोलीत राहायची. दोन मुली घेऊन. तिथे पोरं बसली की ती कुठे जायची?"

"कुठे जायची?"

समृद्धीच्या तोंडावरचा सगळा ठामपणा क्षणात ओसरला. "ते मला माहीत नाही. आजी मी लहान असतानाच गेली. आम्ही तोवर कल्याणला होतो. आई तेव्हा अगदी लहान होती, ती एवढंच सांगते की आमचं घर म्हणजे शाळा होती, आणि आम्ही शाळेच्या बाहेर वाढलो. मला छापील काही मिळत नाहीये ताई. तुमची स्मरणिका मी पण शोधून वाचली. त्यात आजी नाही." मग हळूच, "आबा आहेत ना अजून? त्यांना विचारलंत का तुम्ही?"

खोलीतल्या सगळ्यांनी मंजुळाकडे पाहिलं. ती काय उत्तर देणार होती? आधार म्हणून चालत नाही, म्हणून विचारलं नाही? तिने आठवून पाहिलं. इतक्या दुपारी ती आबांना त्यांचीच गोष्ट वाचून दाखवत आली, पण 'आबा, असंच झालं होतं का हो?' असं एकदाही विचारलं नव्हतं.

"मी पुन्हा लिहिते," ती म्हणाली. "आणि कुलूप आत्ता काढते. सगळ्यांसमोर."

तिने काढलं. समृद्धीला आता हवं ते करता आलं असतं, नाव खोडताही आलं असतं. मंजुळा रिक्षात बसली तरी दर दोन मिनिटांनी मोबाईल उघडून पान बघत होती. पान जसंच्या तसं होतं. पिवळी पट्टी तेवढी डोळ्यांत खुपत होती.

घरी आली तर आबा वाट बघत होते. "आज उशीर केलास. वाच."

"आबा, आज वाचत नाही. विचारते. हौसाबाई लोखंडे कोण?"

आबांनी डोळे उघडले. दारात उत्तम उभा होता, त्याने हाताने 'गप्प बस' अशी खूण केली. मंजुळाने तिकडे पाहिलंच नाही.

"हौसा? आपली हौसा. कोपऱ्यातली खोली. का गं?"

"अभ्यासिका तिच्या घरात भरायची?"

"मग कुठे भरणार? वीज तिच्याच खोलीत होती. तिच्या नवऱ्याने मीटर घेतलेला. बाकी आमच्याकडे कंदील." आबांना नवलच वाटलं. "नाव उजेड कशावरून पडलं मग? नवरा रात्रपाळीला गेला की ही सामान एका बाजूला सारून सतरंजी अंथरायची. स्टोव्ह घेऊन गॅलरीत. पोरींना तिथेच जेवू घालायची, तिथेच झोपवायची. पावसाळ्यात पोत्याचा आडोसा करायची. मी पोरांना ओरडलो की बाहेरून मलाच ओरडायची. 'ओ मास्तर, माराल तर दिवा घालवीन!'" आबा हसले, हसता हसता खोकले.

"आबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

"त्यात बोलायचं काय? सगळ्यांना माहीत होतं."

मंजुळाला वाटलं, खरंच की. सगळ्यांना माहीत होतं म्हणून कोणी लिहिलं नाही. आणि ते सगळे आता कुठे होते? या पलंगावर एक उरला होता. तिने इतके दिवस जी गोष्ट त्याच्यापासून लपवली, ती त्याच्याकडेच होती.

"तिची नात आलीय, आबा. तिला आजीचं नाव हवंय पानावर. पाटीवर पण."

आबांचं हसू हळूहळू मावळलं. बोटं चादरीचं टोक चाळवू लागली. उत्तम पुटपुटला, "सांगितलेलं ना तुला."

"म्हणजे माझं काढणार?"

"नाही हो."

"संस्थापक तेवढं राहू दे, मंजुळा. बाकी काय लिहायचं ते लिही. पोरं मी आणली होती. एकेकाच्या दारात उभा राहून आणली."

हो म्हणणं किती सोपं होतं. पण तिला आता खोटं वाचून दाखवायचं नव्हतं आणि खोटं सांगायचंही नव्हतं.

"आबा, पोरं तुम्ही आणलीत हे कोणी पुसणार नाही. पण कोणता शब्द कुठे राहील, ते माझ्या एकटीच्या हातात नाही. पान माझं नाहीये."

"तूच तर लिहिलंस."

"मी सुरू केलं."

आबांनी कूस भिंतीकडे वळवली. चहाही तसाच राहिला.

मंजुळाने स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्याच लिहिलं. आधी आपल्या त्या वाक्याखाली : 'हे मी लिहायला नको होतं. माफी मागते.' मग समृद्धीची बाजू. वीज, मीटर, सतरंजी, गॅलरीतला स्टोव्ह, पोत्याचा आडोसा. 'हौसाबाईंनी खोली दिली नव्हती. त्यांनी रोज संध्याकाळी आपला संसार बाहेर काढला आणि मुलांना आत घेतलं. हे त्र्यंबक कासारे यांनी आज सांगितलं.'

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, भात उतरवून झाला. मग उत्तर आलं.

'हो ताई. हेच माझं म्हणणं. मला स्वतःला पण हे आत्ता कळलं. आईला वाचून दाखवलं. ती रडतेय.'

रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी मूळ पान समृद्धीने बदललं. मंजुळाने ते उघडलं. पिवळी पट्टी गेली होती. संस्थापक हा शब्द होता. त्यापुढे दोन नावं होती. आधी हौसाबाई लोखंडे, मग त्र्यंबक कासारे.

आधी हौसाबाई. तिचं बोट 'संपादन करा' वर गेलं. नावांची नुसती अदलाबदल करायची, कोणाला खटकलंही नसतं. ही दोन नावं आता याच क्रमाने दगडात कोरली जाणार होती. बोट तिथेच थोडा वेळ राहिलं. मग तिने लॅपटॉप तसाच उचलला आणि आबांच्या खोलीत गेली.

"वाचू?"

आबा 'हं' म्हणाले नाहीत, पण चष्मा काढून उशाशी ठेवला. तिने आजचं पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, एकही शब्द न गाळता.

"आधी तिचं नाव?" आबा म्हणाले.

"हो."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आबा ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी पोरं घेऊन जायचो तेव्हा ती आधीपासून घरात असायचीच म्हणा." आणि जरा वेळाने, तक्रारीच्या सुरात, "पण ती ते दिवा घालवीन म्हणायची, ते नाही घातलं. तेच तर खरं हौसाचं. ते घाल की."

मंजुळाने पान संपादनाला उघडलं. मग बंद केलं, आणि चर्चेचं पान उघडलं.

'समृद्धी,' तिने लिहिलं, 'तुझ्या आजीचं एक वाक्य आबांना आठवलंय. छापील आधार नाही. मला पानावर घालावंसं वाटतंय. तू आधी ऐकायला येतेस का? आबा चहाच्या वेळी जागे असतात.'